उपरण्याखालचं बोलणं

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही महत्त्वाची गोष्ट तोंडाने सांगितलेली नाही. ते मुके आहेत असं मात्र समजू नका. बोलायला बसले की तुमची एस.टी. निघून जाते, मागची येते, तीही जाते, आणि कुणाच्या तरी खोंडाच्या शिंगापासून निघालेला यांचा विषय अजून शेपटापर्यंत पोचलेला नसतो. पण ती सगळी वरवरची बडबड. खरं काही सांगायचं असलं की हा माणूस एकदम गप्प होतो, खांद्यावरचं उपरणं काढतो, तुमचा उजवा हात त्याखाली ओढून घेतो आणि बोटं दाबायला लागतो. ज्याला कळलं त्याला कळलं. नाही कळलं तर तो दोष तुमचा आणि तुमच्या शिक्षणाचा.

याला कारण त्यांचा धंदा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार नांदूरघाटच्या बाजूचे. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. पन्नास वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. भोवती रिकामटेकड्या बघ्यांचा घोळका असतो, आणि त्यातला प्रत्येक जण मोडता घालायला टपलेला असतो. म्हणून दलाल एकाचा हात उपरण्याखाली घेतो, मग दुसऱ्याचा घेतो, आणि सगळी घासाघीस कापडाखाली होते. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पंजा दाबला की पाच, आणि तळहातावर अंगठा घासला की जरा खाली या. वर चेहरे असे, की जणू शेजारच्या गावच्या जत्रेच्या गप्पा चालल्यात. अख्ख्या जगाचा कारभार असाच चालावा असं आण्णांना मनापासून वाटे. "तोंडानं बोलल्यालं वाऱ्याचं, हातात दिल्यालं खऱ्याचं," असं ते म्हणत. ही म्हण त्यांनी स्वतःच केलेली असावी, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ती ऐकलेली नाही.

माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नाच्या बोलणीत पडली. मी नुकताच नोकरीला लागलेला मास्तर, मुलगी बघून बैठकीत मान खाली घालून बसलेलो. हे येऊन शेजारी टेकले आणि काही कळायच्या आत माझा हात त्यांच्या उपरण्याखाली गेला. ते दोन बोटं दाबत होते. मला वाटलं माणसाला भोवळ येतेय. घाबरून मी त्यांचा अख्खा पंजा घट्ट धरला. ते समाधानाने उठले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "ठरलं. पाव्हण्याला पाच महिन्याच्या आत लगीन पाहिजे." मुलगी पसंत आहे की नाही हे मी अजून माझ्या वडिलांनाही सांगितलेलं नव्हतं. पाचव्या महिन्यात लग्न लागलं. त्या घाबरलेल्या पंजाने माझं भलंच झालं, हे मी बायकोसमोर आणि बायकोच्या पाठीमागेही कबूल करतो.

तालुक्याच्या डॉक्टरने नाडी बघायला हात धरला, तर यांनी उलट त्याचीच बोटं धरली. बाहेर येऊन मला म्हणाले, "तीन इंजेक्शनं सांगत व्हता, दोनावर आणला." डॉक्टर बिचारा आत स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होता. निवडणुकीत एक पुढारी दारी आला. मोठा माणूस, मागे दहा गाड्या. त्याने हसत हात पुढे केला आणि आण्णांनी तो उपरण्याखाली घेतला. मिनिटभराने हात बाहेर आला तेव्हा पुढाऱ्याचं हसू मावळलेलं होतं. गाड्या गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं?" तर म्हणाले, "म्हणलं, घरात सात मतं हायेत, त्यातलं तुमचं एक बी न्हाई. तोंडानं सांगितलं असतं तर चारचौघांत वंगाळ दिसलं असतं. त्याची बी इज्जत हाय की." इतका सभ्य नकार मी आजवर कुठल्या पक्षाला मिळालेला पाहिला नाही.

पण ही बोटांची भाषा आण्णांपेक्षाही चांगली जाणणारं एक माणूस होतं, आणि ते बाजारात नव्हतं. ते तलवाड्याला होतं, सासरी. आण्णांची थोरली बहीण. तिला सगळे आक्काच म्हणत. यांचे वडीलही दलाल. पोराला धंदा शिकवायचा तर सरावाला दुसरा हात पाहिजे, म्हणून त्यांनी पोरीला समोर बसवलं. पोरगं अडखळायचं, पोरगी भराभरा शिकली. "आक्काचा हात माझ्यापरीस तयार," आण्णा सांगायचे, "ती बाजारात उतरली असती तर आमी सगळे दलाल घरी बसून शेंगा फोडीत बसलो असतो."

आक्काला तो हात बाजारात वापरता आला नाही, पण सासरी तिने तो बरोबर वापरला. आमच्याकडे उन्हाळ्यात, आखितीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, माहेरवाशिणीला न्यायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. आण्णा वयाच्या सतराव्या वर्षी पहिल्यांदा मुराळी होऊन तलवाड्याला गेले आणि पुढे पन्नासेक उन्हाळे एकही खाडा न करता जात राहिले. मुराळी आला की सासरची मंडळी ओसरीवर बसणार, सासरा म्हणणार आठ दिवस, भाऊ म्हणणार महिना, आणि सुनेला कुणी विचारणार नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन यायची, भावाच्या हातात द्यायची, आणि त्या देण्याघेण्यात पदराखालून आपले दिवस सांगून जायची. पंजा दोनदा दाबला की दहा. तीनदा दाबला की पंधरा. मग आण्णा ओसरीवर बसून अशा थाटात घासाघीस करायचे की सासऱ्याला वाटावं आपण जिंकलो, आणि आक्काला हवे तेवढेच दिवस पदरात पडावेत. एका उन्हाळ्यात तिने एकच बोट धरलं. सासू अंथरुणाला खिळली होती आणि तिला सोडून जावं असं आक्काच्या मनाला येत नव्हतं. ती तसं म्हणाली असती तर माहेरचे म्हणाले असते पोरगी परकी झाली, आणि गेली असती तर सासरचे म्हणाले असते सून दगडाची. आण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "मला औंदा फुरसत न्हाई. उद्या नेतो अन् परवा आणून सोडतो." सगळ्या शिव्या त्यांनी स्वतःवर घेतल्या. गावात कित्येक वर्षं लोक म्हणायचे, बाजाराच्या नादात यानं बहिणीचं माहेरपण बुडवलं.

पुढे सासरा गेला, सासू गेली, यजमानही गेले. आक्का स्वतःच घरातली कारभारीण झाली, तिला कुणाची परवानगी मागायची उरली नाही. पण खेळ काही थांबला नाही. सून ओसरीवर यायची, लटक्या रागाने म्हणायची, "मामा, चारच दिवस बरं का," आणि हे दोघं म्हातारे पदराखाली बोटं धरून गालात हसायचे. नंतर आक्काला ऐकू येईनासं झालं. मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं, ते तिने दोन दिवस लावून डबीत घालून ठेवलं. म्हणे त्यात रातकिडे ओरडतात. ओठ बघून तिला थोडंफार कळायचं, बाकी सगळं हातावर. घरच्यांना ती भाषा येत नव्हती, त्यामुळे वर्षभर बिचारी हो-नाहीवर दिवस काढायची आणि उन्हाळ्यात भावाकडे आली की बोलून घ्यायची. मी स्वतः पाहिलंय. भर दुपारी आण्णांच्या पडवीत दोघं बसलेली, दोन हातांवर एक पदर, तोंडातून शब्द नाही, आणि मध्येच दोघंही खो-खो हसतायत. नातवंडं किती, भाकरी किती जाते, सून पाचात किती चांगली, गुडघा पाचात किती दुखतो. "गुडघ्याला चार हाय," आण्णा मला आपले सांगायचे, "गेल्या साली तीनच व्हता."

मग तो आजार आला. जगात ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याचा हात धरण्यात गेलं त्या माणसाला सांगण्यात आलं, की कुणाचा हात धरू नका. पहिल्या उन्हाळ्यात बाजार बंद, गाड्या बंद, आणि प्रत्येक गावाच्या शिवेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. मुराळी जाणार कुठून? पन्नास वर्षांत पहिला खाडा पडला. आक्काला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते रोज भाचेसुनेला फोन लावायचे. ती म्हणायची, "बऱ्या हायेत, मामा." हे विचारायचे, "बरी म्हंजे किती? पाचातली किती?" त्या पोरीने काय सांगावं?

आणि इकडे मी. मास्तरांना नाक्यावर ड्यूटी लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला ते पिस्तुलासारखं यंत्र लावायचं आणि वहीत नाव लिहायचं. वर्गात ज्याचं कुणी ऐकत नव्हतं त्या मास्तरसमोर मोटारी थांबायला लागल्या. मी फार कडक झालो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षीच्या लाटेत तर मी भाजी साबणाने धुवायचो. बायको म्हणाली, "आता मलाही धुवा आणि दोरीवर वाळत घाला." माझ्या कडकपणावर घरीदारी विनोद चालायचे आणि मी ते चालू दिले, कारण त्याच्या खाली काय आहे ते कुणाला दिसायला नको होतं. नाक्यावर माझ्याच बाकावर बसणारे आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर त्या वसंतात आठ दिवसांत गेले. सोमवारी माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लं होतं त्यांनी. त्यानंतर मला झोप लागत नव्हती.

अशात एका सकाळी आण्णा बीडला माझ्या दारात उभे. कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून आले होते. "मास्तर, औंदा आक्काला आणायचीच. तुमच्याकडं गाडी हाय, ड्यूटीचा कागद हाय." मी त्यांना दारातच थांबवलं आणि नियम सांगायला सुरुवात केली. आणायचं नाही, फक्त भेटायचं, कारण आण्णांच्या गल्लीत दोन पेशंट निघाले होते आणि आक्काचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. घरात पाऊल टाकायचं नाही. तिथलं पाणी प्यायचं नाही. तोंडावर दोन मास्क. अर्ध्या तासात परत. सहा फुटांचं अंतर. आणि हात नाही. शेवटचा नियम ऐकून ते हसले, पण मी हसत नाही हे बघून थांबले. "बरं," म्हणाले, "निस्ती बघून येऊ."

मी त्यांची तालीम घेतली. अंगणात खडूने सहा फुटांच्या दोन रेघा मारल्या, बायकोला आक्का म्हणून उभं केलं, आणि आण्णांना सांगितलं, चालत या आणि रेघेवर थांबा. पहिल्या खेपेला ते रेघ ओलांडून थेट मेहुणीपर्यंत गेले. दुसऱ्या खेपेला रेघेवर थांबले, पण हात आपोआप पुढे आला. तिसऱ्या खेपेला मी त्यांना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायला लावलं, तेव्हा जमलं. मग प्राणवायू मोजायचं यंत्र त्यांच्या बोटाला लावलं. बोट दाबलं गेलं तसे ते सवयीने सावध झाले, डोळे बारीक करून म्हणाले, "एकच दाबतंय. खाली बी येत न्हाई, वर बी जात न्हाई. ह्याच्याशी सौदा व्हायचा न्हाई." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्या वर्षात आमच्या घरात इतकं हसणं पुन्हा झालं नाही.

चार दिवसांनी निघालो. मे महिना, काचा खाली, आणि तोंडावर भट्टीची वाफ यावी तसा वारा. ते मागच्या सीटवर, मास्कवर मास्क, बरोबर घरचं पाणी आणि घरची भाकरी. गेवराईच्या अलीकडे लिंबाच्या सावलीला गाडी थांबवली तर रस्त्यापलीकडे एक म्हातारा मेंढरं घेऊन बसलेला. तो निघाला आण्णांचा बाजारातला जुना गडी. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोन्ही बाजूंनी धाव घेतली. मी हॉर्न दाबून धरला. दोघं रस्त्याच्या दोन कडांना थबकले. "काय रं, मेलास का जित्ता हायस?" आण्णांनी विचारलं. "जित्ता हाय," तो म्हणाला, "खोंड इकला." "केवढ्याला?" आता आली का पंचाईत. म्हातारा इकडेतिकडे बघू लागला, मग तळहात तोंडापाशी धरून त्याने भर रस्त्यात आकडा ओरडून सांगितला. सांगितल्यावर दोघंही इतके ओशाळले की त्यांनी एकमेकांकडे बघणं सोडून दिलं. आण्णा गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "नागडं झाल्यावानी वाटलं, मास्तर."

तलवाड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. आक्काच्या घरापुढे कमरेएवढ्या उंचीची दगडी भिंत आहे. मी आण्णांना भिंतीबाहेर उभं केलं, पावलं मोजून जागा दाखवली. सुनेने आक्काला ओट्यावर आणून बसवलं. वाळून किती लहानशी झाली होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं, पण दोन मास्क लावलेल्या भावाचे ओठ तिला दिसणार कुठून? आण्णा काहीतरी बोलले. ती म्हणाली, "आँ?" मग मी माझ्या वर्गातल्या आवाजात ओरडलो, "आक्का, आण्णा आलेत. तब्येत कशी आहे?" शेजारपाजारची चार माणसं बाहेर आली. आक्काला काहीच कळलं नाही. सूनही ओरडली, भिंतीवरचं मांजर पळालं, आणि आक्का आपली सगळ्यांकडे बघून कसनुसं हसत राहिली.

थोड्या वेळाने ती काठी टेकत उठली. ओटा उतरून, अंगण ओलांडून, हळूहळू भिंतीपाशी आली. पदर सोडला, उजव्या हातावर नीट पसरला, आणि तो झाकलेला हात भिंतीवरून पुढे केला.

आण्णांचे पाठीमागचे हात सुटले. उपरणं खांद्यावरून खाली आलं. त्यांनी एक पाऊल टाकलं, आणि मी ओरडलो, "आण्णा, हात नाही."

ते थांबले. वळून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग उपरणं परत खांद्यावर टाकलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मी दाखवलेल्या जागेवर जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझं ऐकलं होतं. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या क्षणी बरं वाटलं. मनात म्हणालो, तालमीचा उपयोग झाला.

आक्काचा हात भिंतीवर तसाच होता. ऊन डोक्यावर आलेलं. सून म्हणाली, "आत्या, चला, चटका बसंल." तिने हात काही मागे घेतला नाही. पदराखाली बोटं हलताना मला दिसली. कुणाच्या हातात नसलेली ती बोटं काहीतरी सांगत होती. मग तिने सुनेला मोठ्याने विचारलं, बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, त्यामुळे सगळ्या आळीला ऐकू गेलं. "गेल्या साली मी आले न्हाई म्हून रुसलाय व्हय गं ह्यो? हात देईना."

सुनेने मान हलवून नाही नाही केलं. आक्काला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने पदर उचलून डोक्यावर घेतला आणि काठी टेकत परत गेली. अर्धा तास झाला होता. आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मीच बोलत होतो, की लाट ओसरली की लगेच आणू, दिवाळीला आणू, त्यात काय एवढं. चौदा दिवस मी सगळ्यांचे ताप मोजले. मला काही झालं नाही, आण्णांना काही झालं नाही, आक्काच्या घरी कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही. त्या भयंकर उन्हाळ्यात लोकांनी केलेल्या प्रवासांत आमचा प्रवास सगळ्यात सुरक्षित झाला असेल. मी तो नाक्यावर अभिमानाने सांगितलासुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात तलवाड्याहून आण्णांना फोन आला. आक्का सकाळी चहाला उठली नाही. आजारबिजार काही नव्हता, वय झालं होतं. आण्णांनी मला कळवलं नाही. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, भर उन्हात, मास्क लावून की न लावता देव जाणे, ते गेले आणि तिला पोचवून आले. मला चार दिवसांनी बायकोकडून समजलं. भाचेसून सांगत होती, म्हणे आत्या शेवटपर्यंत विचारायच्या, त्याचा राग गेला का.

राग कसला? पण तिला ते सांगणार कोण, आणि कुठल्या भाषेत? कुणी म्हणेल, तुम्ही नियमच पाळलात. खरं आहे. कुणी म्हणेल, हात धरला असता आणि तिला बाधा झाली असती तर? तेही खरं. पण पुढे कधीतरी, रात्रीबिरात्री नव्हे, चांगलं दिवसाढवळ्या फळ्यावर गणित लिहिताना, माझ्या डोक्यात लख्ख आलं की सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली त्या दिवशी माझ्या शबनम पिशवीत होती. वाटेत मी ती दर दहा मैलांवर वापरत होतो. दोघांचे हात धुतले असते, तोंडं दोन्हीकडे वळवायला सांगितली असती, दोन मिनिटं बोलू दिलं असतं आणि पुन्हा हात धुतले असते. दोन मिनिटांचं काम होतं. नियमात बसत होतं. नाक्यावर शेकडो अनोळखी माणसांच्या हातांवर मी ते ओतलं, आणि त्या दोन हातांच्या वेळी मला सुचलं नाही. मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. पोरांना वाटलं, मास्तरांना उत्तर येत नाही.

ही गोष्ट मी तीन-चार वर्षं कुणाजवळ बोललो नाही. दर उन्हाळ्यात आण्णांना गाडीने तलवाड्याला नेतो. आखितीच्या दिवशी ते आक्काच्या ओट्यावर तासभर बसतात, भाचेसुनेच्या हातची पुरणपोळी खातात, आणि आम्ही परततो. मधल्या काळात बाजार पुन्हा सुरू झाला, पण आण्णा फारसे जात नाहीत. आता भाव फोनवर ठरतात म्हणे. पूर्वीसारखं कुणाचा हात ओढून घेणंही त्यांनी सोडलंय. लांबून रामराम करतात. लोक म्हणतात, म्हातारा शिकला. मला ते ऐकवत नाही.

यंदा परतताना मी न राहवून सांगून टाकलं. गाडी चालवत असल्यामुळे त्यांच्याकडे बघावं लागणार नव्हतं, म्हणून जमलं. म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी हात धुवायची बाटली माझ्या पिशवीत होती. मला सुचलं नाही. तुमचं शेवटचं बोलणं माझ्यामुळे राहिलं."

त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "बाटली मला ठावं व्हती, मास्तर. सगळ्या गाडीत वास व्हता तिचा."

"मग मागितली का नाही? मला शिव्या घालून पुढं का गेला नाहीत?"

"जाणारच व्हतो. पाऊल उचललं बी व्हतं," ते म्हणाले. "पर मागं वळून तुमचं तोंड बघितलं. बैल बुजतो ना, तसं झालं व्हतं तुमचं. ते चित्राचे सर गेलते ना तुमच्याजवळचे, मेहुणीनं सांगितलं व्हतं मला. म्हणलं, आज आपण हात लावला तर ह्यो माणूस महिनाभर झोपायचा न्हाई. आक्काचं काय, तिच्याशी दिवाळीला बोलता येईल." मग उपरणं सावरत म्हणाले, "दिवाळी येईल असंच वाटलं व्हतं."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांनी माझा नियम पाळला. त्यांनी मला सांभाळलं होतं, आणि त्यासाठी काय सोडलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत. त्यांनी रागावावं, एकदा तरी मला अरे-तुरे करून चार वाईट शब्द बोलावेत, असं फार वाटलं. माझे डोळे भरलेत हे त्यांनी ओळखलं असावं, कारण खिडकीतून एका रानातली जोडी दाखवून म्हणाले, "त्यो डावीकडचा बघा, खांद्याला जरा कमी हाय, पर पायाचा लई गुणी." मग त्या बैलाचा बाप, त्याचा मालक, त्या मालकाचा सासरा असं करत ते बीड येईपर्यंत बोलत राहिले. मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मी हो हो म्हणत गाडी चालवत राहिलो.